भुंगेऱ्याच्या पोटातली उसनी कात्री

थर्माकोल खाणाऱ्या अळीची बातमी वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा फिरायला लागते. व्हिडिओत पांढऱ्या ठोकळ्याला भोकं पाडत जाणाऱ्या पिवळसर अळ्या असतात आणि खाली कुणीतरी ‘प्लॅस्टिकचा प्रश्न सुटला’ असं लिहून मोकळं झालेलं असतं. ही अळी म्हणजे मीलवर्म, साठवलेल्या धान्यात आणि पिठात वाढणाऱ्या एका काळपट भुंगेऱ्याचं बालपण. प्रश्न सुटलेला नाही, त्याकडे शेवटी येऊ. पण बातमी वाचून एक शंका यायला हवी, ती फारशी कुणाला येत नाही. खाल्लं म्हणजे पचलं का? भुंगेरे पानं खातात, वाळलेलं लाकूड खातात, दगडासारख्या बिया पोखरतात, मेलेल्या जनावराचं कातडं आणि लोकरही सोडत नाहीत. यातलं बरंचसं इतर प्राण्यांच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडेल. मग यांना ते पचवता येतं कसं, आणि ही सोय त्यांच्याकडे आली कुठून?

भुंगेरा कोण आणि विकर म्हणजे काय

भुंगा म्हटलं की फुलाभोवती गुणगुणणारा काळा भुंगा डोळ्यांपुढे येतो. तो मधमाशीचा भाऊबंद, आपल्या गोष्टीत त्याचं काम नाही. ज्याच्या पुढच्या पंखांची पाठीवर टणक झाकणं झाली आहेत तो भुंगेरा. काजवा भुंगेराच, शेणकिडाही, तांदळातला सोंडकिडाही आणि मुळं खाणारी हुमणी ज्याची अळी तोही. विज्ञानाने आजवर नोंदवलेल्या भुंगेऱ्यांच्या प्रजाती सुमारे 4 लाख आहेत. जगातल्या नोंदलेल्या सगळ्या प्राणी-प्रजाती रांगेत उभ्या केल्या, तर साधारण दर चौथा भुंगेरा निघेल.

विकर म्हणजे एन्झाइम. पचनापुरतं बोलायचं तर ही एक सूक्ष्म कात्री आहे. अन्नातले रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात आणि आतड्याच्या भिंतीतून त्या अखंड साखळ्या आत जाऊ शकत नाहीत. कात्रीने तुकडे केले की जातात. मात्र ही कात्री फार हट्टी असते. एका प्रकारची गाठ कापणारी दुसऱ्या गाठीला हातसुद्धा लावत नाही. कात्री स्वतः एक प्रथिन असते आणि ते कसं बनवायचं याची कृती जनुकात लिहिलेली असते. कृतीत एखादं अक्षर बदललं की कात्रीचं पातं किंचित वाकडं होतं. बहुतेक वेळा त्याने कात्री बिघडते, क्वचित तिला नवीन गाठ कापता येऊ लागते.

पान खाणं सोपं वाटतं, तसं ते नाही

पिष्टमय पदार्थ आणि सेल्युलोज हे दोन्ही एकाच मण्याचे बनलेले आहेत, तो मणी म्हणजे ग्लुकोज. फरक इतकाच की पिष्टात सगळे मणी एकाच बाजूने ओवलेले असतात आणि सेल्युलोजमध्ये एकाआड एक मणी उलटा. एवढ्याशा फरकाने गाठीचा आकार बदलतो आणि पिष्ट कापणारी कात्री सेल्युलोजपुढे बोथट ठरते. त्यात सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटून बसतात की त्यांचे दोरखंड होतात. वनस्पतीची प्रत्येक पेशी या दोरखंडांच्या भिंतीआड असते. भिंतीच्या फटींमध्ये पेक्टिन नावाचा चिकट गिलावा भरलेला असतो आणि लाकडात त्यावर लिग्निनचं सिमेंट चढतं.

खरं खाद्य, म्हणजे प्रथिनं, साखर, मेद, हे सगळं भिंतीच्या आत. जबड्याने पान चावलं की काही पेशी फुटतात, पण कितीतरी पेशी आख्ख्याच पोटात जातात. भिंत पाडणारी कात्री नसेल तर त्यांच्यातला माल तसाच बाहेर. पाहुणा बंद घरात शिरला आणि कुलूप न उघडता आल्याने उपाशीच परतला, असा प्रकार.

प्राण्यांना सेल्युलोज पचत नाही, असं शाळेत शिकलो होतो

बरोबर शिकलात, पण ते पूर्ण सत्य नव्हतं. गाय, शेळी, वाळवी ही सगळी पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जिवावर चरतात, हे विसाव्या शतकातलं पक्कं सूत्र होतं. 1998 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की वाळवीच्या स्वतःच्या जनुकसंचातही सेल्युलोज कापणाऱ्या विकराचं जनुक आहे, पोटातल्या पाहुण्यांचं नव्हे. पुढे कळलं की हे जनुक प्राण्यांमध्ये फार जुनं आहे आणि पुष्कळ वंशांनी ते वाटेत हरवून टाकलं.

भुंगेऱ्यांची गोष्ट इथे वेगळं वळण घेते. पानं खाणारे भुंगेरे, लांब मिश्यांचे खोडकिडे आणि सोंडकिडे हे तिघे मिळून एक मोठं कुळ होतं, लाखाहून जास्त प्रजातींचं. त्यांच्या आतड्यात सेल्युलोज आणि पेक्टिन कापणारी विकरं सापडली. ती त्यांच्याच जनुकांतून बनतात, पण प्राण्यांच्या जुन्या जनुकाशी त्यांचं काही नातं नाही. मग नातेवाईक कोण? पेक्टिन कापणाऱ्या विकराचे सगळ्यात जवळचे नातेवाईक बुरशीत सापडतात.

जनुक उसनं घेता येतं?

जनुकं आईबापांकडून मुलांकडे जातात, ही उभी वाट. पण कधीमधी ती आडवी उडीही मारतात, एका जिवाकडून पूर्ण परक्या जिवाकडे. जीवाणूंमध्ये हे रोजचं आहे, प्राण्यांमध्ये दुर्मीळ. भुंगेऱ्यांच्या पूर्वजांचं आयुष्य कुजक्या लाकडात, बुरशीच्या आणि जीवाणूंच्या गर्दीत गेलं. तिथे कधीतरी बुरशीच्या डीएनएचा तुकडा भुंगेऱ्याच्या बीजपेशीत शिरला आणि तिथेच टिकला.

‘बीजपेशी’ हा शब्द इथे महत्त्वाचा. पायाच्या किंवा आतड्याच्या पेशीत परका डीएनए शिरला, तर तो त्या किड्याबरोबरच मरतो. अंड्यात किंवा शुक्राणूत शिरला तरच पुढच्या पिढीला मिळतो. म्हणून असं रोज घडत नाही. पण कोट्यवधी वर्षांत एकदा घडलं तरी पुरतं, कारण मिळालेली कात्री पुढे सगळ्या वंशजांना वारशाने मिळत जाते.

2019 मध्ये 146 प्रजातींची 4,818 जनुकं ताडून भुंगेऱ्यांचा एक मोठा वंशवृक्ष मांडला गेला. वनस्पतिभक्षी गटांमध्ये भिंत पाडणाऱ्या विकरांची जनुकं बुरशी आणि जीवाणूंकडून आली आहेत, आणि या गटांची भरभराट या उधारीशी जोडलेली आहे, असा त्यातला एक मुख्य निष्कर्ष होता.

नमुन्यात बुरशी मिसळली असेल तर?

ही शंका रास्त आहे आणि संशोधकांना ती सगळ्यांत आधी आली. किडा दळून त्याचा डीएनए वाचला, तर पोटातल्या बुरशीचा डीएनएही त्यात येणारच. म्हणून पुरावा वेगळ्या जागी शोधतात. उसनं जनुक भुंगेऱ्याच्याच गुणसूत्रावर, दोन्ही बाजूंना कीटकांची नेहमीची जनुकं असलेल्या जागी बसलेलं आहे का, हे पाहतात. भेसळ असेल तर ते तिथे सापडणार नाही.

कॉफीचं बी पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचं उदाहरण मला यात सर्वात पटण्यासारखं वाटतं. हा किडा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. मादी कॉफीच्या फळाला भोक पाडून आत शिरते, बियांमध्येच अंडी घालते आणि पिल्लांचं सगळं बालपण त्या एका बीमध्ये जातं. भाऊबहिणींचे संबंधही तिथेच होतात. नराला उडता येत नाही, त्याला बाहेर पडायचं कारणच नसतं. कॉफीच्या बीमधली साठवणीची साखर गॅलॅक्टोमॅनन नावाच्या साखळ्यांत बांधलेली असते आणि ती कापणारी कात्री कीटकांकडे सहसा नसते. 2012 मध्ये कोलंबिया आणि अमेरिकेतल्या संशोधकांना ती कात्री या किड्याच्या जनुकसंचात सापडली. तिचं जनुक जीवाणूंच्या जनुकांशी जुळत होतं. वेगवेगळ्या देशांतून आणलेल्या या किड्यांमध्ये ते होतं, पण त्याच्या अगदी जवळच्या चुलत प्रजातीत नव्हतं. ती प्रजाती कॉफीच्या बीवर जगत नाही.

(त्या बीमधल्या कॅफिनचं काय, असं कुणी विचारेल. कॅफिन बहुतेक कीटकांना विषारी असतं. ते काम हा किडा पोटातल्या जीवाणूंवर सोडतो. 2015 मध्ये प्रतिजैविकं देऊन ते जीवाणू मारले, तेव्हा किड्याला कॅफिन पचवणं जमेना.)

एका कात्रीच्या चार कात्र्या

उधारी ही सुरुवात होती. पेशीत जनुकांची नक्कल करताना कधीकधी एकाच जनुकाच्या दोन प्रती होतात. तशी चूक नुकसान करतेच असं नाही, उलट एक सवलत मिळते. एक प्रत जुनं काम सांभाळते, दुसरीवर कसलीच जबाबदारी नसते आणि ती बदलत राहू शकते. घरात दुसरी किल्ली असली की तिच्यावर कानस चालवून बघायची भीती राहत नाही, तसंच.

पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांत हे वारंवार घडलं. बुरशीकडून आलेल्या सेल्युलोज-कात्रीच्या प्रती वाढल्या आणि त्यातल्या काही प्रती पुढे सेल्युलोज सोडून झायलोग्लुकन नावाची भिंतीतली दुसरी साखळी कापू लागल्या. जीवाणूंमध्ये सेल्युलोज कापणाऱ्या आणखी एका कुटुंबातलं विकर एका पानभुंगेऱ्यात चक्क कायटिन कापताना आढळलं, म्हणजे कीटकांचं कवच ज्याचं बनतं तो पदार्थ. हत्यार उसनं आणलं एका कामासाठी आणि वापरलं भलत्याच. पेक्टिनच्या काही कात्र्यांनी तर कापणंच सोडलं आहे, पण आतड्यात त्या अजून बनतात.

मोहरीवर्गीय झाडांवर राहणाऱ्या एका पानभुंगेऱ्यात 2022 मध्ये पेक्टिनच्या कात्र्या बनवणारी जनुकं बंद करून पाहिली गेली. अळ्यांची वाढ खुंटली. या प्रयोगातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. पेक्टिन पचवून मिळणारी साखर ही अळीची मोठी कमाई नाही. पेक्टिन फोडलं की पेशी उघडते आणि आतली प्रथिनं हाताला लागतात, खरा फायदा हा.

झाडं गप्प बसतात का?

अजिबात नाही. झाडं कात्रीच्या पात्यात अडकणारी प्रथिनं बनवतात. त्यांना रोधक म्हणू. रोधक कात्रीच्या तोंडात बसतो आणि निघतच नाही. 1972 मध्ये एक प्रयोग झाला, तो आता पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला आहे. कोलोरॅडो बटाटा भुंगेऱ्याला बटाट्याच्या आणि टोमॅटोच्या एका पानावर चरू दिलं. थोड्या तासांत त्या झाडाच्या न खाल्लेल्या पानांमध्येही प्रथिन-कात्र्यांचे रोधक साठायला लागले. एका पानाने आरडाओरड केली आणि सगळं झाड सावध झालं.

आता प्रथिन कापणाऱ्या कात्र्यांकडे जरा जवळून पाहू. पुष्कळ कीटकांचं आतडं अल्कधर्मी असतं आणि तिथे ट्रिप्सिनसारख्या कात्र्या चालतात. आपल्या आतड्यातही ट्रिप्सिन आहे. बियांमधले पुष्कळ रोधक नेमके ट्रिप्सिनवर रोखलेले असतात. निम्म्याहून अधिक भुंगेरे ज्या शाखेत येतात, तिच्यात मात्र वेगळी व्यवस्था दिसते. त्यांच्यातल्या बहुतेकांचं आतडं सौम्य आम्लधर्मी असतं आणि मुख्य काम सिस्टीन-प्रोटिएज नावाच्या कात्र्या करतात. इतर प्राण्यांत या कात्र्या मुख्यतः पेशीच्या आतला कचरा तोडतात. भुंगेऱ्यांनी त्या घराच्या मागच्या बाजूने काढून थेट स्वयंपाकघरात आणल्या. बिया खाणाऱ्या पूर्वजांना ट्रिप्सिनच्या रोधकांपासून सुटायचं होतं, म्हणून ही अदलाबदल झाली असावी, असा संशोधकांचा तर्क आहे.

मीलवर्ममध्ये दोन्ही व्यवस्था एकाच नळीत दिसतात. त्याच्या मधल्या आतड्याच्या पुढच्या भागाचा सामू (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, pH) साधारण 5.6, म्हणजे आम्लधर्मी, आणि तिथे सिस्टीन-कात्र्या. मागच्या भागाचा साधारण 7.9, आणि तिथे ट्रिप्सिनचं कुटुंब. पहिल्या खोलीत जे अर्धवट कापलं गेलं ते दुसऱ्या खोलीत पुरं होतं. याउलट हुमणीच्या नातेवाइकांत आतड्याच्या मधल्या भागाचा सामू 10 च्याही वर जातो. तिथे लाकूड आणि माती मिसळलेला कुजका पाला आधी त्या तीव्र अल्कलीत भिजतो आणि मग मागच्या फुगीर आतड्यात जीवाणूंच्या हवाली होतो.

भुंगेऱ्याला कळतं कसं, की आता कात्री बदलायची?

‘कळतं’ म्हणण्यात थोडी गफलत आहे. इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र दिसतात.

चवळीच्या एका दाण्याकडे पाहा. कडधान्यावरचा भुंगेरा त्याच्या सालीवर पांढरट ठिपक्यासारखं अंडं चिकटवतो. अंड्यातून निघालेली अळी बाहेर पाऊलसुद्धा न टाकता अंड्याच्या तळातूनच सरळ दाण्यात शिरते. पुढचे काही आठवडे ती आत असते, बाहेरून काही कळत नाही. मग सालीखाली एक गोल, फिकट खिडकी दिसू लागते आणि एके दिवशी प्रौढ भुंगेरा ती कापून बाहेर पडतो. मागे उरतो नेमका गोल भोक पडलेला, आतून पोकळ दाणा. बालपणाचं सगळं जेवण त्या एका दाण्यात. तिथे रोधक असेल तर दुसरीकडे जायची सोयच नाही.

प्रयोगात या अळीच्या खाद्यात सोयाबीनमधला सिस्टीन-कात्र्यांचा रोधक मिसळला. आधी तिची वाढ मंदावली. मग ती पुन्हा खाऊ लागली. तिने एका प्रकारच्या कात्र्या कमी करून दुसऱ्या प्रकारच्या वाढवल्या होत्या, आणि या दुसऱ्या कात्र्या रोधकालाच कापून टाकत होत्या. हा बदल एका अळीच्या आयुष्यातला, आतड्याचं रसायन पाहून जनुकांची बटणं चालू-बंद होण्याचा. पण बटण दाबल्यावर काहीतरी यायला हवं, तर त्या वेगळ्या कात्र्या आधीपासून जनुकसंचात असल्या पाहिजेत. त्या तिथे आल्या जनुकांच्या प्रती वाढून, हजारो पिढ्यांत, ज्या अळ्यांकडे नव्हत्या त्या मेल्या म्हणून. कुणी काही ठरवलेलं नाही.

स्वतः न बनवता भाडेकरू ठेवणारे

कासवासारख्या पसरट झाकणाचा एक भुंगेरा काटेरी थिसलच्या झाडांवर राहतो. त्याची पेक्टिनची कात्री एक जीवाणू बनवतो. हा जीवाणू भुंगेऱ्याच्या आतड्याला जोडलेल्या छोट्या पिशव्यांमध्ये राहतो. 2017 मध्ये त्याचा जनुकसंच वाचला तेव्हा तो फक्त 2 लाख 70 हजार अक्षरांचा निघाला. तुलनेसाठी, आतड्यातल्या साध्या ई. कोलाय जीवाणूचा सुमारे 46 लाखांचा असतो. भाडेकरूने घरातलं जवळपास सगळं सामान काढून टाकलं आहे, उरली आहे ती भाडं म्हणून द्यायची कात्री आणि जगण्यापुरतं बाकी.

मादी प्रत्येक अंड्याच्या डोक्यावर या जीवाणूंचं एक इवलंसं टोपण ठेवते आणि पिल्लू बाहेर यायच्या आधी ते खाऊन घेतं. संशोधकांनी टोपणं काढून टाकली तेव्हा पिल्लं जन्मली, पण त्यांतली बरीच जगली नाहीत. पानांनी पोट भरलेलं असूनही.

मग थर्माकोलचं काय?

2015 मधल्या अभ्यासात 100 मीलवर्म दिवसाला 34 ते 39 मिलिग्रॅम थर्माकोल खात होते. म्हणजे एक ग्रॅम संपवायला शंभर अळ्यांना जवळजवळ महिना. प्रतिजैविक देऊन आतड्यातले जीवाणू मारले की पचन बंद पडलं, म्हणजे मुख्य काम भाडेकरूंचं होतं. 2022 मध्ये मोठ्या जातीच्या अळ्यांवर झालेल्या अभ्यासातही नुसत्या थर्माकोलवर वाढवलेल्या अळ्या कोंड्यावरच्या अळ्यांपेक्षा बारीकच राहिल्या.

अडचण कात्रीच्या स्वभावात आहे. या लेखात आलेल्या पाचक कात्र्या जवळपास सगळ्या पाण्याचा रेणू वापरून गाठ सोडवतात. पिष्ट, सेल्युलोज, प्रथिनं यांच्या गाठी पाण्याने सुटण्यासारख्या असतात. थर्माकोलच्या साखळीत कार्बनला कार्बन थेट जोडलेला आहे, पाण्याला धरायला जागाच नाही. तिथे ऑक्सिजन वापरून हळूहळू कुरतडणारी निराळी हत्यारं लागतात. ती काही सूक्ष्मजीवांकडे आहेत, पण संथ. झाडांशी भुंगेऱ्यांचं भांडण कोट्यवधी वर्षांचं आहे. थर्माकोल पाहून त्यांना शंभर वर्षंही झालेली नाहीत.

शेतीला याचा उपयोग होतो का?

करून पाहिला गेला आहे. राजम्याच्या बीमध्ये पिष्ट कापणाऱ्या कात्रीचा रोधक असतो. त्याचं जनुक वाटाण्यात घातलं, तेव्हा वाटाण्याचा भुंगेरा आणि कडधान्यावरचे भुंगेरे त्या दाण्यात वाढू शकले नाहीत. कीटकनाशकाचा थेंब न वापरता. पण 2005 मध्ये ऑस्ट्रेलियात उंदरांवरच्या चाचणीत त्या वाटाण्यातल्या रोधकावर प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया दिसली आणि काम थांबवलं गेलं. 2013 मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या, तेव्हा तशीच प्रतिक्रिया जनुक न घातलेल्या साध्या राजम्यानेही दिली. तोवर तो वाटाणा मागे पडला होता.

खुद्द राजम्याच्या दाण्यात मात्र दोन जातींचे भुंगेरे सुखाने वाढतात. त्यांची पिष्ट कापणारी कात्री या रोधकात अडकतच नाही. पुढे काही जंगली राजम्यांच्या बियांत त्याच रोधकाचं थोडं वेगळं रूप सापडलं, आणि त्या दोघांपैकी एकाची कात्री त्यात अडकते.